शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने

बंड्याचं बारसं बाराव्या दिवशी झालं नाही, कारण बाराव्या दिवशी तो ऑपरेशन थिएटरमध्ये होता. पाळणा भाड्याने सांगून ठेवला होता, त्या माणसाला फोन करून नको म्हणायचं काम माझ्याकडे आलं. तो म्हणाला ताई ॲडव्हान्स परत मिळणार नाही, मी म्हटलं ठेव बाबा. हॉस्पिटलच्या फाइलवर नुसतं ‘बेबी ऑफ’ आणि पुढे वहिनीचं नाव. भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं बाळाचं नाव काय, तर आम्ही चौघं एकमेकांकडे बघत बसलो आणि शेवटी अण्णा म्हणाले, “बंड्या.” ते नाव त्यांना कुठून सुचलं देव जाणे, पण चिकटलं ते चिकटलंच. शाळेच्या दाखल्यावर वेगळं आहे, घरात कोणी वापरत नाही.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. मी कोथरूडला घरी गणिताच्या शिकवण्या घेते, चौथी ते दहावी, आणि बंड्या सध्या माझा भाचाही आहे आणि विद्यार्थीही, म्हणजे दोन्हीकडून ओरडा खातो. हे सगळं आज लिहायला बसले ते हातच्यामुळे. पण हातच्यावर नंतर येते.

तर बंड्या रविवारी जन्माला आला, ऑगस्ट, बाहेर धो धो पाऊस. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, रंग छान, रडणं खणखणीत, तिसऱ्या दिवशी घरी. आठव्या दिवशी रात्री वहिनी म्हणाली की हा दोन घोट पितो आणि थकतो, आणि पिताना कपाळावर घाम येतो. आम्ही म्हटलं दमट हवा आहे. (ही दमट हवा मला अजून टोचते.) सकाळी पाय गार लागले, रंग राखेसारखा झालेला. बालरोगतज्ज्ञांनी त्याला तपासायच्या टेबलावर ठेवलं, हाताला ऑक्सिजनचा चिमटा लावला, आकडा ९७, चांगला. मग त्यांनी दोन बोटं त्याच्या जांघेत ठेवली आणि तशीच ठेवून बसले. बोटं हलवली, परत ठेवली. मग दुसऱ्या बाजूला. म्हणाले, “मांडीतली नाडी लागत नाहीये.” त्या क्षणापर्यंत मांडीत नाडी असते हेच आम्हाला माहीत नव्हतं.

दोन तासांत आम्ही मोठ्या हॉस्पिटलात होतो आणि संध्याकाळपर्यंत शब्द मिळाला, कोआर्कटेशन. हृदयातून निघणारी मुख्य धमनी, महाधमनी, वर जाऊन वळते आणि खाली पोटाकडे उतरते, तर त्या वळणाच्या शेवटी ती चिमटल्यासारखी अरुंद. बंड्याच्या बाबतीत आख्खं वळणच बारीक राहिलेलं, आणि हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला एक भोक, ते बोनसमध्ये. आठ दिवस काही कळलं नाही कारण पोटातल्या बाळाला एक जास्तीची वाट असते, डक्टस म्हणतात, ती जन्मानंतर काही दिवसांत मिटते. बहुतेक सगळ्यांचीच मिटते. बंड्याच्या कमरेखालचं सगळं मात्र त्या वाटेवर चालू होतं, ती मिटायला लागली आणि खालचा पुरवठाच गेला. म्हणून आधी प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप लावून ती वाट परत उघडली. त्या औषधाने बाळं मधूनच श्वास घ्यायची विसरतात, हाही विसरला, मग व्हेंटिलेटर.

बुधवारी सर्जननी समजावून सांगितलं. कागद मिळेना, तेव्हा त्यांनी अण्णांच्या हातातली छत्री मागून घेतली. अण्णांची छत्री जुन्या पद्धतीची, काळी, लाकडी वाकड्या मुठीची, अजून पाणी गळत होतं तिच्यातून. छत्री उलटी धरली, मूठ वर, आणि म्हणाले ही महाधमनी. मुठीच्या वळणावर तीन बोटं उभी ठेवली, ह्या तीन फांद्या, पहिली उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला जाते, दुसरी मेंदूच्या डाव्या बाजूला, तिसरी डाव्या हाताला. “आणि मला हे पूर्ण वळण उघडून मोठं करायचंय, पॅच लावून.” म्हणजे जिथून मेंदूचा पुरवठा निघतो तोच पाइप कापायचा. नुसतं टोकाला अरुंद असतं तर डाव्या बरगड्यांमधून जाऊन, चिमटे लावून, हृदय-फुप्फुसांचं काम बाहेरून करणाऱ्या मशीनशिवायही करतात म्हणे, तेवढा भाग काढून टाकून दोन टोकं जोडायची. बंड्याला ती सोय नव्हती.

दादाने विचारलं, मग तेवढा वेळ मेंदूला रक्त?

त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, बाळाला मशीनवर घेऊन गार करत न्यायचं, १८ डिग्रीपर्यंत, आणि मग मशीनसकट सगळंच बंद. रक्त फिरतच नाही. शांत, कोरडी जागा मिळते, नळ्या आड येत नाहीत, पण घड्याळ लागतं. दुसरा, खालचं सगळं बंद ठेवायचं पण पहिल्या फांदीला एक बारीक नळी शिवून त्यातून फक्त मेंदूपुरतं थोडं थोडं रक्त सोडत राहायचं.

अण्णा आत्तापर्यंत गप्प होते. छत्री परत घेतली आणि म्हणाले, “बंद नको. कमी दाबाने चालेल.”

सर्जन आधी बघतच राहिले आणि मग हसले, कारण ते पण पुण्याचेच. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद असतं आणि ती सूचना वर्षानुवर्षं एकाच छापाची येते, पर्वती जलकेंद्र, वडगाव जलकेंद्र, मग भागांची मारुतीच्या शेपटाएवढी यादी, आणि शेवटी ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’. ऑपरेशन गुरुवारी होतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीच सूचना त्याच सकाळी येऊन पडली होती, खाली सहा अंगठे.

गार करून माणूस कसा टिकतो हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं ते इडलीच्या पिठामुळे. मे महिन्यात पीठ पाच तासांत भांड्याबाहेर येतं आणि डिसेंबरात तेच पीठ सकाळपर्यंत ढिम्म. जिवंत गोष्टींचं काम थंडीत मंदावतं, पेशींचंही, दर दहा डिग्रीला निम्मं किंवा त्याहूनही कमी होत जातं, आणि काम कमी म्हणजे ऑक्सिजनची भूक कमी. ह्या एका गोष्टीवर सगळं सुरू झालं. २ सप्टेंबर १९५२ ला मिनेसोटात जॉन लुईस ह्यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला २८ डिग्रीपर्यंत गार करून, रक्त फिरणं थांबवून, तिच्या हृदयातलं भोक साडेपाच मिनिटांत शिवलं. मशीन नव्हतंच. साडेपाच मिनिटांत मला सुईत दोरा ओवता येत नाही.

पण बंड्याचं काम साडेपाच मिनिटांचं नव्हतं.

दुसऱ्या रस्त्यातली गंमत (गंमत आत्ता म्हणते) अशी की नळी फक्त उजव्या बाजूच्या फांदीला लावतात, मग मेंदूच्या डाव्या बाजूचं काय? तर मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं, सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, एका बाजूने आलं की दुसरीकडे पोचतं. थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरने १६६४ साली त्याचं नीट वर्णन केलं आणि त्याच्या पुस्तकातली चित्रं काढली ख्रिस्टोफर रेनने, तोच तो लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा. १६६४ म्हणजे महाराजांनी सुरत लुटली ते साल. मला हे वाचून उगाच बरं वाटलं होतं, की बंड्याच्या डाव्या मेंदूची सोय इतकी जुनी आहे.

गुरुवारी सकाळी सात वाजता नेलं. नेण्याआधी वहिनीला दोन मिनिटं मिळाली, तिने पर्समधून काजळाची डबी काढली, तीट लावायला, तर बोट कपाळापाशी नेऊन थांबली कारण तिथे आधीच एक मोठा स्टिकर. डावीकडे एक, उजवीकडे एक. त्यातून कवटीच्या आत इन्फ्रारेड प्रकाश सोडतात आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून मेंदूतल्या रक्तात ऑक्सिजन किती उरलाय त्याचा अंदाज घेतात, दोन आकडे सतत स्क्रीनवर. नर्स म्हणाल्या पायाला लावा. मग तळपायाला लावली. थिएटरमध्ये टिकली का, पुसली, माहीत नाही.

ह्या सगळ्यात जो माणूस महत्त्वाचा असतो तो आपल्याला कधीच दिसत नाही. सिनेमात सर्जन मास्क काढून बाहेर येतो, पर्फ्युजनिस्ट कुठल्या सिनेमात दाखवलाय का? आम्हाला तो आदल्या संध्याकाळी कँटीनमध्ये भेटला, निव्वळ योगायोगाने, रक्ताची सोय झाली का विचारायला आला आणि पोहे खात पंधरा मिनिटं बोलला. तिशीतला मुलगा, सांगलीकडचा हेल. हृदय-फुप्फुसाचं मशीन तो चालवतो. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर आकड्यांत सांगायला लागला. नवजात बाळात किलोमागे साधारण ८५ मिली रक्त, म्हणजे तुमच्या बाळात सगळं मिळून २४० मिली. मी मनात चितळ्यांची अर्ध्या लिटरची पिशवी आणली. तिच्या निम्मंसुद्धा नाही. एवढं रक्त, आणि मशीनच्या नळ्या नुसत्या भरायलाच जवळपास तेवढंच लागतं, म्हणून त्या आधी दुसऱ्याच्या रक्ताने भरतात. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी बंड्याच्या अंगात निम्मा बंड्या आणि निम्मा कोणी रक्तदाता. गणपती मंडळांची रक्तदान शिबिरं मी आजवर लाउडस्पीकरसाठी शिव्या घालत बघितली होती, तेव्हापासून शिव्या कमी केल्यात. बंद केलेल्या नाहीत.

मशीन पूर्ण चालू असताना मिनिटाला चारशे मिलीच्या वर रक्त फिरवायचं, तो म्हणाला, आणि फक्त मेंदूला द्यायची वेळ आली की मिनिटाला साधारण एक कप चहाइतकं. जास्त सोडलं तर मेंदूला सूज, कमी सोडलं तर उपाशी. “मग किती ते कसं ठरवता?” त्याने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. “स्टिकरचा आकडा बघायचा मॅडम, आणि बघतच राहायचं.” रक्त नळ्यांत गोठू नये म्हणून हेपरिन देतात, ते डुकराच्या आतड्यातून काढतात, आणि शेवटी त्याचा उतारा म्हणून प्रोटामिन, ते माशांपासून, हेही त्यानेच सांगितलं. अण्णा तेव्हा चहा आणायला गेले होते. अण्णांना आम्ही अजून सांगितलेलं नाही, त्यांचे चातुर्मास नीट चालू आहेत, चालू राहू देत.

दादा त्याला शेवटी म्हणाला, माझं रक्त चालत असेल तर सगळं घ्या. अगदी शब्दशः असं. तो बिचारा म्हणाला साहेब तशी गरज नाही. काही वर्षांनी मी वाचलं की हे खरोखर केलेलं आहे. १९५४ च्या मार्चमध्ये, मिनियापोलिसला, वॉल्टन लिलेहाय ह्या सर्जनने तेरा महिन्यांच्या एका मुलाचं हृदय उघडलं तेव्हा मशीनच्या जागी त्या मुलाचा बाप होता. शेजारच्या टेबलावर झोपवलेला, मांडीतल्या रक्तवाहिन्यांतून नळ्या काढून मुलाला जोडलेला, बापाचं हृदय आणि बापाची फुप्फुसं दोघांसाठी चालू. हृदयातलं भोक बंद झालं. मुलगा अकराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला. तरी पुढच्या साधारण वर्षभरात तशी एकूण ४५ ऑपरेशनं झाली, बहुतेक वेळा आईबापांनाच जोडून. मी हे दादाला वाचून दाखवलं तेव्हा तो टीव्हीवर क्रिकेट बघत होता, नुसतं “हं” म्हणाला आणि आवाज वाढवला.

वेटिंगमधले तास लिहीत नाही. सगळ्यांचे सारखेच असतात. एवढंच की दुपारी लांबून कुठून तरी ढोलपथकाच्या सरावाचा आवाज येत होता, एक ठेका, मधेच चुकायचा, परत पहिल्यापासून, आणि वहिनी प्रत्येक वेळी तो चुकला की मान वर करायची.

सर्जन बाहेर आले ते साडेचारला. झालं, वळण मोठं केलं, भोक बुजवलं. छाती आत्ता शिवलेली नाही, सूज उतरली की दोन दिवसांनी शिवू. आणि मग दादाने विचारलं म्हणून सांगितलं, २२ डिग्रीपर्यंत गार केलं होतं, फक्त मेंदूला रक्त चालू होतं असा वेळ ३४ मिनिटं, आणि मधे एकदा सगळंच बंद करावं लागलं.

“किती?”

“सात मिनिटं.”

अण्णा छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकवून बसले होते. काही बोलले नाहीत.

शुक्रवारी आमच्या घरी पाणी आलं ते अकरा वाजता, नळ आधी फुरफुरला, हवा, मग गढूळ, मग बरं. मी तेव्हा अंघोळीला घरी आले होते आणि नळाकडे बघत उभी राहिले. हृदय उघडलं की त्यातही हवा शिरते, परत चालू करताना ती आधी बाहेर काढतात, नाहीतर बुडबुडा सरळ मेंदूत जातो, आणि परत ऊब आणायची तीही हळूहळू. हे मला नंतर वाचून समजलं. त्या दिवशी मी नुसती बादलीपाशी बसून रडले.

बंड्या ऑपरेशननंतर अठराव्या दिवशी घरी आला. आवाज घोगरा, कारण डाव्या स्वरतंतूची नस त्याच वळणाखालून जाते आणि तिला धक्का बसतो कधी कधी. अण्णा म्हणाले सवाईला गायला बसवू. सहा महिन्यांत आवाज आपोआप सुटला, आता तर इतका सुटलाय की विचारू नका.

आणि मग सुरू झालं माझं. वहिनी आणि दादा वर्षभराने बऱ्यापैकी सावरले, रोजचं दूध, डबे, लसीकरण ह्यात माणूस सावरतो. मी सावरले नाही कारण मी वाचत बसले. बॉस्टनला १९८८ ते १९९२ मध्ये १७१ बाळांवर अभ्यास झाला, त्यांचा आजार वेगळा होता, हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल, पण प्रश्न आमचाच. निम्म्या बाळांना गार करून मुख्यतः पूर्ण बंद, निम्म्यांना मुख्यतः कमी दाबाने. आणि मग त्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षं फिरले. एक वर्षाची झाली तेव्हा बंदवाली हालचालींत मागे. आठव्या वर्षी बंदवाल्यांची हाताची कामं आणि बोलणं जरा कमी, पण कमी दाबवाली जास्त उतावळी, आणि शिक्षकांच्या तक्रारी त्यांच्याबद्दल जास्त! सोळाव्या वर्षी दोन गटांत सांगण्यासारखा फरक उरला नव्हता, अडचणी मात्र दोन्हीकडे होत्या. पुढे मिशिगनमध्ये एकच कप्पा चालणाऱ्या हृदयाच्या ७७ बाळांना असंच वाटून बघितलं, मेंदूला रक्त चालू ठेवलेली विरुद्ध पूर्ण बंद, तर वर्षाच्या शेवटी चालू ठेवलेली काही पुढे निघाली नाहीत. शिवाय अशा काही बाळांच्या मेंदूत ऑपरेशनच्या आधीच्या एमआरआयमध्येच इजा दिसते, आणि काहींचा मेंदू मुळात थोडा कच्चा असतो, कारण पोटात असतानाच पुरवठा बरोबर नव्हता. म्हणजे ज्या सात मिनिटांची मी जपमाळ ओढत होते ती एकटी कशालाच जबाबदार धरता येत नाहीत. हे कळून मला बरं वाटायला हवं होतं, पण मला तर गुन्हेगार हातातून सुटल्यासारखं झालं.

चालायला पंधराव्या महिन्यात लागला, मी मोजलं. ‘र’ उशिरा आला, मोजलं. बाटली शाळेत विसरला, बुटाची लेस बांधता येईना, सगळं मी मनातल्या मनात सात मिनिटांच्या खात्यावर मांडत गेले. आणि ह्या वर्षी वजाबाकीत हातचा घेऊन द्यायचा विसरायला लागला. सुट्यांच्या घरात दशक आणतो रुबाबात, आणि शेजारी कमी करत नाही. ५२ वजा ३७, उत्तर २५. परवा तेच तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी लाल पेन घेऊन नुसती वहीकडे बघत बसले, आणि शेजारची मुलगी, जिला सर्दीशिवाय आयुष्यात काही झालेलं नाही, तिने वही पुढे केली तर तिचंही २५. एकवीस वर्षं शिकवतेय मी. हातचा न विसरणारं चौथीतलं पोर मला आजवर भेटलेलं नाही. एवढं साधं मला बंड्याच्या बाबतीत लागू करता येत नव्हतं.

गेल्या आठवड्यात वार्षिक तपासणी होती. मी पण गेले, वहिनीला सोबत. इको झाला, मग बीपी. ह्या मुलांचं बीपी उजव्या हाताचं आणि पायाचं दोन्ही घेतात कायम, कारण दुरुस्त केलेली जागा परत अरुंद झाली तर हातात दाब जास्त आणि पायात कमी. फरक वीसच्या पुढे गेला की डॉक्टर गंभीर होतात, हे वहिनीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. बंड्याला त्या मशीनची फार आवड, पट्टा फुगताना स्वतःच आकडे वाचतो. डॉक्टर म्हणाले चल आज तू लिही. हात ११२. पाय १०७. त्याने टेबलावरचा पॅड ओढला, एकाखाली एक मांडलं, जीभ बाहेर काढून रेघ मारली.

“पंधरा,” म्हणाला.

वहिनीचा हात माझ्या मनगटावर आला, नखं लागली.

“बंड्या,” मी म्हटलं, “हातचा.”

“अरे हो,” म्हणाला, आणि खोडून पाच केलं.